तुळसक्काचे चार खिळे

तुळसक्का कुणालाही "कशी आहेस?" असं विचारत नसे. ती दोनच गोष्टी विचारायची. जेवलीस का, आणि झोपलीस का. समोर बाई असो, कॉलेजातलं पोर असो की दाराशी आलेला पोस्टमन असो, प्रश्न तेच. कुणी "बरं आहे" म्हटलं की ती म्हणायची, "ते मी विचारलंच नाही, बा."

मी तिला दोन्ही प्रश्नांना "हो" म्हणायची. आठ-नऊ वर्षं रोज म्हणत आले. त्यातले निम्मे हो खोटे होते, आणि ते तिला ठाऊक होतं असं आता वाटतं.

लग्न होऊन मी निपाणीहून बंगळूरला आले ती पन्नास सालच्या आसपास. यजमान तार ऑफिसात होते. चामराजपेटात दोन खोल्यांचं घर मिळालं. मला कानडी येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी बोलले असते असं नाही. लहानपणापासून मला दारामागून बोलायची सवय. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथंही मास्तरांनी विचारलं तर मी पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरायची. इथं तर शेजारच्या बायका काय बोलतात तेच समजेना, म्हणून दार लोटून बसायची.

एका सकाळी कुणीतरी दार छत्रीच्या टोकानं ढकललं. उंच, सावळी, इरकली नऊवारी, कपाळ मोकळं, गळ्यात शिंप्याची टेप. हातात पुरुषी काळी छत्री. ती छत्री ती उन्हात, पावसात आणि काहीच नसलं तरी घेऊन फिरायची.

"निपाणीवाली तू? हात मोकळे आहेत?"

मी मान हलवली.

"सरी. मग ये. काजं करायची आहेत."

समोरच्या ओळीत तिच्या भावाचं, दत्तूअण्णाचं, शिंप्याचं दुकान होतं. छावणीतल्या मोठ्या दुकानांचे शर्ट तिथं शिवायला यायचे. मागच्या खोलीत तुळसक्का त्यांची काजं आणि बटणं करायची. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आले, असं ती सांगायची. तीनशे वर्षांत त्यांच्या मराठीत इतकं कानडी मिसळलं होतं, 'ठीक'ला 'सरी', 'थोडा'ला 'स्वल्प', की पहिले सहा महिने मला तिचं बोलणं अर्धंच कळे. मला ते बरं वाटायचं. अर्धं कळलं की उत्तरही अर्धंच द्यावं लागतं.

तिनं मला काज शिकवलं. आधी कापडाला चीर द्यायची, मग दोऱ्यानं काठ जवळजवळ बांधत यायचं. काठ नीट नाही बांधला तर चार धुण्यांत भोक मोठं होतं आणि बटण राहत नाही. माझी पहिली दहा काजं तिनं उसवली. काही बोलली नाही. अकरावं बघितलं आणि म्हणाली, "हे राहू दे."

तिचे काही हट्ट होते. ती भाजलेले शेंगदाणे पदराच्या गाठीत बांधून ठेवायची आणि समोरच्याचा चेहरा उतरला की न विचारता चार दाणे त्याच्या हातावर ठेवायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान कधी घालायची नाही, म्हणून बोटाचं टोक लाकडासारखं झालं होतं. दाराकडे पाठ करून कधी बसायची नाही. आणि कुणी रडायला लागलं तर गप्प कर म्हणून सांगायची नाही, फक्त मांडीवरचा शर्ट उचलून बाजूला ठेवायची. गिऱ्हाइकाचं कापड भिजू नये म्हणून.

आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी होती. अठराची. एका पावसाळ्यात ती गेली. कशी ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडे चार ठिकाणची माणसं भेटायला आली. मराठी महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई, कानडी समाजाच्या शारदम्मा, मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर, आणि गरिबांच्या मुलांना पुस्तकं देणाऱ्या ट्रस्टचे हाजीसाहेब. चौघांना एकमेकांची ओळखही नव्हती. तुळसक्का कोपऱ्यात बसून ऐकत होती. ऐकता ऐकता कळलं की मंडळानं त्या मुलीला साडी दिली होती, समाजानं तिला संगीताच्या वर्गात घेतलं होतं, सिस्टरनी टॉनिकच्या बाटल्या दिल्या होत्या, आणि हाजीसाहेबांनी पुस्तकं.

तुळसक्का उठली आणि मृताच्या घरात बोलू नये तेवढ्या मोठ्यानं म्हणाली, "चौघांनी दिलं. रात्री झोप येते का म्हणून कुणी विचारलं?"

 सेक्रेटरीबाई नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "ही कोण बाई? काही रीत आहे की नाही?"

"काजबटणवाली," तुळसक्का मागून म्हणाली. "रीत मला येत नाही. तुमचा पत्ता तेवढा सांगा."

पुढचा महिनाभर ती छत्री घेऊन चौघांच्या दारात जात होती. मला बरोबर न्यायची. मी काही बोलणार नाही हे तिला माहीत होतं. "तू नुसती शेजारी उभी राहा, स्वल्प जोर येतो," असं म्हणायची. प्रत्येकाकडे तिनं एकच वस्तू मागितली. मंडळाकडे चटया. समाजाकडे एक बाई, जी रोज दुपारी येऊन बसेल आणि उपदेश करणार नाही. सिस्टरकडे आठवड्यातला एक दिवस. हाजीसाहेबांकडे एक शिवणयंत्र.

"आणि तुम्ही काय देणार?" शारदम्मांनी विचारलं. त्या मोठ्या वकिलाच्या घरच्या, हळू बोलणाऱ्या.

"खोली. आणि काजं."

तिचा विचार साधा होता. ज्या पोरांची झोप उडाली आहे, ज्यांनी बोलणं टाकलं आहे, जी अंथरुणातून उठत नाहीत, त्यांनी तिच्याकडे काज शिकायला यायचं. शेजाऱ्यांना सांगायला कारण मिळतं. हात कामात असले की मान खाली राहते, आणि मान खाली असली की माणूस बोलतो. सिस्टर गुरुवारी यायच्या त्या आपले पांढरे कपडे दुरुस्तीला टाकायला. निदान गल्लीला तसंच दिसायचं. खरं तर त्या कोपऱ्यात बसून एकेकाला तपासायच्या, कुणाला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला हवं ते सांगायच्या, आणि स्वतः घेऊन जायच्या.

पहिल्यांदा सगळे एकत्र बसले तो दिवस मला आठवतो. चौघांनी आपापला खाऊ आणला होता. मंडळाचा चिवडा, समाजाचं चित्रान्न, हाजीसाहेबांच्या घरून खजूर आणि बिस्किटं, सिस्टरचा केक. सगळं चटईवर मांडलं गेलं आणि कुणी हात लावेना. सेक्रेटरीबाईंना केकात अंडं आहे हे कळलं होतं. शारदम्मांचा उपास निघाला. हाजीसाहेब म्हणाले, "आपण घ्या, बेटी, मी नंतर." सगळे एकमेकांना "घ्या घ्या" करत होते.

तुळसक्कानं चारही ताटल्या आपल्यापुढं ओढल्या. चिवडा खाल्ला, त्याच हातानं चित्रान्न, मग खजूर, मग केकचा मोठा तुकडा. सावकाश, बोटं चाटून. सगळे बघत राहिले. मग पाणी पिऊन म्हणाली, "बघा. मेले नाही. आता कामाचं बोलू?"

सिस्टर हसल्या. मग हाजीसाहेबांनी चिवड्याची चिमूट घेतली. सेक्रेटरीबाईंनी काही घेतलं नाही, पण उठूनही गेल्या नाहीत.

भांडण पाटीवरून झालं. प्रत्येकाला दारावर आपल्या संस्थेची पाटी हवी होती. आठवड्याभरात चार माणसं येऊन चौकटीवर चार खिळे ठोकून गेली. मंडळाची पाटी तर रंगवून तयार होती. तिच्यावर 'मनाने दुबळ्या तरुणांसाठी' असं काहीतरी मोठ्या अक्षरात होतं. ती मी तुळसक्काला वाचून दाखवली, कारण तिला कानडी वाचता येई पण मराठी अक्षरं येत नसत.

"या पाटीखालून तुझी मुलगी आत पाठवशील?" तिनं मला विचारलं. मला मुलगी नव्हती, तरी 'नाही' अशी मी मान हलवली.

पाटी तिनं परत पाठवली. खिळे मात्र ठेवले. एकावर छत्री, एकावर पाण्याच्या तांब्याची पिशवी, एकावर सिस्टरचा डबा. चौथ्यावर जो कुणी नवीन येईल त्याची टोपी किंवा दप्तर. दत्तूअण्णा म्हणायचा, "अक्का, चार संस्थांच्या खुंट्या केल्यास तू."

"मग काय करू, देव्हारा करू?"

त्या खोलीत पुढं बरीच मुलं आली. इंटरला नापास झालेला एक मुलगा यायचा, त्याला बटणं लावायचा इतका नाद लागला की तो स्वतःच्या सदऱ्याला जास्तीची दोन लावून आला. पण मला सांगायचं आहे ते एका मुलीचं. तिचं आणि तिच्या वडिलांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. तिला विमल म्हणते. का लिहीत नाही ते पुढं कळेल.

विमल माधवण्णा रंगाऱ्याची मुलगी, सोळाची. घरात लुगडी रंगवायच्या कढया, सगळ्यांचे हात कायम निळे-तांबडे. विमलनं कढईला हात लावणं सोडलं आणि हात धुवायला लागली. कातडी सोलेपर्यंत धुवायची. मग बोलणंही थांबलं. हे का सुरू झालं ते कुणाला कळलं नाही, अजूनही नाही.

माधवण्णा तिला आधी तुळसक्काकडे घेऊन आलाच नाही. तो गावाबाहेरचा एक मांत्रिक घेऊन आला. तुळसक्काला कळलं, तेव्हा ती त्यांच्या दारात गेली आणि मांत्रिकाला म्हणाली, "स्वामी, तुमच्या सदऱ्याचं बटण लोंबतंय. थांबा, लावून देते."

तो नको म्हणायच्या आत तिनं सुई ओवली आणि अंगावरच्या सदऱ्यालाच लावायला घेतलं. गळ्याखालचं बटण. सुई त्याच्या कातडीपासून बोटभर लांब. माणूस जागचा हलेना.

"किती पोरी बऱ्या केल्या तुम्ही?" ती टाका घालत म्हणाली.

"पुष्कळ."

"एकीचं गाव सांगा. मी जाऊन भेटून येते."

"असं सांगत नसतात, अम्मा."

"का? बरी झालेली पोरगी सांगायला काय हरकत? आजारी असलेलीचं नाव सांगत नसतात." टाका ओढला. "झोपलीत का काल?"

त्या माणसानं खरंच उत्तर दिलं. "नाही. तीन दिवस झोप नाही, अम्मा. पाठ दुखते."

तुळसक्कानं दोरा दातानं तोडला, पदरातले चार दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "गुरुवारी सिस्टर येतात. तुम्हीही या."

तो आला नाही, पण विमलच्या घरीही परत गेला नाही. माधवण्णा मग खोलीत आला. बसला नाही, उभ्यानंच बोलला. "अक्का, मुलगी पाठवतो. पण एक गोष्ट. हिचं नाव कुठं लिहायचं नाही. होसूरकडचे लोक बघायला येणार आहेत. एकदा नाव लिहिलं गेलं की ते कुठं फिरेल सांगता येत नाही. नाव लिहिल्याचं कळलं त्या दिवशी मी हिला परत नेणार आणि दाराला कडी लावणार."

"लिहिणार नाही," तुळसक्का म्हणाली. "माझा शब्द."

विमलला तिनं पांढऱ्या शर्टाचं कापड दिलं. म्हणाली, "हात स्वच्छ हवेत, हे बरोबर. एक काज कर, मग जाऊन धुऊन ये." पंधरा दिवस तसंच. मग, "दोन झाली की धू." विमल रडली, थरथरली, पण दुसरं काज केलं. महिन्यानं तीन. शर्टाला सात काजं असतात. तुळसक्का आणि सिस्टर दोघींनी ते ठरवलं होतं, सातापर्यंत न्यायचं. चौथ्या काजाच्या वेळी विमल पहिल्यांदा बोलली. "दोरा संपला," म्हणाली. खोलीतली सगळी जण खाली मान घालून काम करत राहिली, कारण तुळसक्कानं डोळ्यानं तसं खुणावलं होतं. मी दोरा दिला. 

आता माझी चूक लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

एक दिवस सेक्रेटरीबाईंनी मला रस्त्यात थांबवलं. माझा एक कागद त्यांनी कुठंतरी बघितला होता. "तुझं अक्षर किती सुंदर आहे गं," म्हणाल्या. मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी मी वाण्याची यादी लिहायची, तीही यजमान न बघता खिशात घालायचे. सेक्रेटरीबाईंनी मला एक नवी वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची. "येणाऱ्या मुलांची नावं, वय आणि त्रास, एवढंच लिहीत जा. वर्षाच्या अहवालाला लागतं. तुळसाबाईंना उगाच त्रास देऊ नको, त्यांना लिहिता-वाचता कमी येतं."

मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. घरी जाऊन, भाकरी झाल्यावर, मी रोज लिहायची. रेघा आखून, मोत्यासारखं. तुळसक्काचा शब्द मला ठाऊक होता आणि तरी लिहिलं. विमलचं नावही लिहिलं. वय सोळा, हात धुते, बोलत नाही. खाली तारीख घालून, पुढं काजांचा आकडा. एक, दोन, तीन, चार, पाच.

वर्ष संपल्यावर मंडळाच्या हॉलमधे दुपारी चारही संस्थांची सभा झाली. मी चहाचे पेले भरत होते. सेक्रेटरीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "काम चांगलं झालं, पण देणगीदारांना पुरावा लागतो. सुदैवानं आमच्याकडे नोंद आहे. आपण नावं वाचून अहवालात घेऊ." आणि त्यांनी टेबलावर निळी वही ठेवली. सकाळीच त्यांनी ती माझ्याकडून मागून नेली होती.

माझ्या हातातला पेला सांडला. तुळसक्कानं वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला मराठी अक्षरं येत नव्हती, पण माझं अक्षर ती ओळखायची. रागावली नाही. नुसतं बघितलं, अकरावं काज बघितलं होतं तसं.

मग ती टेबलापाशी गेली, वही उचलली, आपल्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"तुळसाबाई, हे काय?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"वही आहे. मी तिच्यावर बसले आहे."

"ती मंडळाची आहे."

"वही मंडळाची. आतली पोरं मंडळाची नाहीत."

"अहो, चार संस्था वर्षभर देतात, कुणाला दिलं ते विचारायचं नाही का? उद्या कुणी म्हणेल, कुणी येतच नव्हतं."

हाजीसाहेबही म्हणाले, "त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, अम्मा. मलाही ट्रस्टला जबाब द्यावा लागतो."

"सरी," तुळसक्का म्हणाली. "वाचा. पण एक अट. ज्याला ही नावं वाचायची आहेत त्यानं आधी आपल्या घरातलं एक नाव लिहायचं. नाव, वय, काय झालं होतं ते. प्रत्येक घरात एक असतंच. नाही असं म्हणणाऱ्यानं माझ्याकडे बघून म्हणावं."

कुणी बघितलं नाही.

"पहिली मी." तिनं कोरा कागद मागितला आणि कानडीत लिहिलं, लिहिता लिहिता बोलत गेली. "तुळसा. वय एकोणीस. मूल गेलं, मग नवरा गेला. सात महिने बोलली नाही. बापानं तीन वर्षं फिरवली. देवळात नेलं, तिथं एका म्हातारीनं हातात फुलं दिली, हार कर म्हणाली. दर्ग्यात नेलं, तिथं एक जण रोज पाणी आणून द्यायचा, काही विचारायचा नाही. मिशनमधे नेलं, तिथल्या नर्सनं झोपेचं औषध दिलं. घरी आणलं, तर शेजारच्या कानडी बाईनं रोज जेवायला घातलं. चौघं चांगली होती. चौघांनी एकमेकांना कधी बघितलं नाही. एका खोलीत बसली असती तर तीन वर्षांचं काम तीन महिन्यांत झालं असतं. माझं नाव लिहिताना मला लाज नाही. ते माझं आहे, मी लिहिते. दुसऱ्याचं तुम्ही कसं लिहिता?"

कागद तिनं पुढं सरकवला. शारदम्मांनी पेन घेतलं. कानडीत दोन ओळी लिहिल्या आणि पदर डोळ्याला लावला. हाजीसाहेबांनी उर्दूत लिहिलं, ते तिथं दुसऱ्या कुणालाच वाचता येणार नव्हतं. सिस्टरनी इंग्रजीत लिहिलं. कागद सेक्रेटरीबाईंपुढं आला. त्यांनी पेन उघडलं. टोक कागदाला टेकलं. शाईचा एक ठिपका पडला आणि मोठा होत गेला. मग त्यांनी टोपण लावलं.

"अहवालात फक्त आकडा घालू," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान होता. "नावं नकोत."

"सरी," तुळसक्का म्हणाली. "आकडा बरोबर घाला. या कागदावरची धरून. तुमचा ठिपकाही धरून."

कागद शेवटी माझ्याकडे आला. मीही लिहिलं. काय, ते इथं लिहीत नाही.

त्याच दुपारी ती मला घेऊन माधवण्णाकडे गेली. काळ्या रंगाची कढई उकळत होती. विमल आत ओसरीत बसली होती. तुळसक्का माधवण्णाला म्हणाली, "मी शब्द दिला होता. तो माझ्या खोलीत मोडला. नाव लिहिलं गेलं होतं. कुणी वाचलेलं नाही. तुझ्यासमोर संपवते."

कुणी लिहिलं ते तिनं सांगितलं नाही. तो विचारेल म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते. तिनं वहीची लिहिलेली पानं फाडली आणि कढईत टाकली. माधवण्णानं दांडक्यानं ती खाली दाबली. थोडा वेळ माझं अक्षर वरून दिसत होतं, मग सगळं एक झालं.

माधवण्णा बराच वेळ ढवळत राहिला. शेवटी म्हणाला, "उद्या किती वाजता पाठवू?"

"रोजच्या वेळेला."

परत येताना तिनं वहीची उरलेली कोरी पानं माझ्या हातात दिली. "अक्षर चांगलं आहे तुझं. ते फुकट घालवायचं नाही. पण दुसऱ्याचं दुखणं त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. स्वतःचं लिही." मी त्या वहीला बारा-तेरा वर्षं हात लावला नाही. आता ही पानं त्याच वहीतली आहेत.

विमलनं सातवं काज केलं तो दिवस मी बघितला. ती उठली, मोरीकडे बघितलं, आणि परत बसून दुसरा शर्ट घेतला. होसूरचं स्थळ मोडलं. तिला मुलगा पसंत नव्हता आणि ते तिनं स्वतः सांगितलं. माधवण्णा तक्रार घेऊन तुळसक्काकडे आला. "बोलायला लागली ती बोलतच सुटली," म्हणाला. तुळसक्का एवढी हसली की सुई हरवली.

खोली पुढं बरीच वर्षं चालली. सेक्रेटरीबाई गुरुवारी यायला लागल्या. काही बोलायच्या नाहीत, चटई झटकून जायच्या. एकदा त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी आली. तुळसक्कानं तिचं नाव विचारलं नाही. दप्तर चौथ्या खिळ्याला लावलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

मग दत्तूअण्णा गेला, आणि दुकानाची इमारत मालकानं पाडायला काढली. मंडळाच्या काही जणींनी सुचवलं की आता बंद करावं, तुळसक्काला नीट दिसतही नाही. तिनं हाजीसाहेबांच्या मुलाकडून पुढच्या पेठेत एक जागा मिळवली आणि कुणाला विचारलं नाही.

ती निघाली त्याच आठवड्यात आमची हुबळीला बदली झाली होती. सकाळी मी दारातून बघत होते. समोर जटका उभा, त्यात शिवणयंत्र, चटया आणि शर्टाचे गठ्ठे. तुळसक्का स्टुलावर चढली होती आणि पक्कडीनं चौकटीतले खिळे उपसत होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून उपसत होती. घोडेवाला ओरडत होता, "अम्मा, खिळे बाजारात मिळतात."

"तू गप. हे जुने आहेत, वाकत नाहीत."

चारही काढून तिनं मुठीत घेतले, छत्री उघडली आणि जटक्यात बसली. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. जटका माझ्या दारापुढं आला तेव्हा तिनं माझ्या बाजूला तोंड केलं.

"निपाणीवाली, जेवलीस का?"

"हो."

"झोपलीस का?"

जटका पुढं गेला होता. घोड्याच्या टापा वाजत होत्या. मी उंबऱ्याबाहेर आले, रस्त्याच्या मधोमध, गल्लीतल्या सगळ्यांसमोर.

"नाही," मी म्हणाले. मोठ्यानं. "किती दिवस झोपले नाही, अक्का."

जटका थांबला. उघड्या छत्रीखालून तिचा हात बाहेर आला, मुठीत खिळे तसेच.

"मग चढ वर," ती म्हणाली. "जागा आहे."